यास्मीनचं मराठी

हे वाचणारे तुम्ही पहिलेच. माझ्या नवऱ्याला यातलं काही माहीत नाही. मुलीला नाही. स्टाफरूममध्ये सतरा वर्षं माझ्या शेजारी बसून माझ्या डब्यातली भाजी खाणाऱ्या मैत्रिणीलाही नाही. सांगावंसं कधी वाटलंच नाही असं नाही — वाटलं, दोनदा-तीनदा तर अगदी ओठांवर आलं — आणि मी चहा ठेवायला उठले. किती सोपं असतं ते, नाही? उठायचं, गॅस पेटवायचा, पाठ फिरवायची.

कुठून सुरू करू? एकदम मुद्द्यावर येते म्हटलं तर हात थांबतो. तेव्हा आधी सोपं सांगते.

मी मराठीची शिक्षिका. कराडपासून अर्ध्या तासावरच्या एका गावातली शाळा. पुढे तिलाच जोडून अकरावी-बारावी सुरू झाली, तीही मी शिकवली. आता निवृत्त आहे. निरोपाच्या कार्यक्रमात सगळे एकच बोलले — बाईंनी आमच्या मुलांना लिहितं केलं. शाल खांद्यावर घेऊन मी ऐकत होते. मान खाली घातली होती. लोकांना तो विनय वाटला.

निवृत्तीला तीन वर्षं उरली होती, तेव्हाची गोष्ट. बारावीच्या मुलांसाठी एक पत्रक आलं. दुसऱ्या राज्यातलं एक खाजगी विद्यापीठ खेड्यापाड्यातल्या काही मुलांना पूर्ण शिष्यवृत्ती देणार होतं. राहणं, जेवण, शिक्षण, सगळंच. त्यांना मार्कांच्या बरोबरीनं एक निबंध हवा होता. विषय दिलेला — 'तुम्हाला घडवणारा एक प्रसंग'. मातृभाषेत लिहिला तरी चालेल, असंही म्हटलं होतं. आमच्या मुलांना निबंध म्हणजे वृक्षारोपण आणि विज्ञान शाप की वरदान, एवढंच ठाऊक. प्राचार्यांनी मला बोलावलं. म्हणाले, "बाई, हे तुमचंच काम."

आणि ते खरंच माझं काम होतं. मला ते येत होतं. ही फुशारकी नाही — पुढचं नीट कळायचं असेल तर हे तुम्हाला माहीत असायला हवं. कागद हातात आला की दोन ओळींत मला कळतं, हे जिवंत आहे की नाही.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की अकरा मुलं थांबायची. मी त्यांना सांगायचे — पहिला परिच्छेद खोडून टाका, तो सगळ्यांचा सारखाच असतो. 'मला समाजाची सेवा करायची आहे' हे वाक्य कुणी लिहायचं नाही. तुमचंच लिहा. एकच प्रसंग घ्या. खरं सांगा. माण तालुक्यातून मामाकडे शिकायला आलेली एक मुलगी होती, स्वप्नाली. तिनं आधी 'दुष्काळ : एक समस्या' असं काहीतरी आणलं. मी विचारलं, तुझे वडील कुठं असतात? मुंबईला, म्हणाली, वर्षातनं एकदा जत्रेला येतात. मग म्हणाली, "अण्णा आलं की आमची शेरडं बुजत्यात, बाई. वळखत न्हाईत. माझ्या मागं येऊन लपत्यात." मी म्हटलं, हेच लिही. तिनं लिहिलं. तीन वेळा माझ्याकडून तपासून घेतलं आणि तिन्ही वेळा मी त्यातले माझे शब्द काढून तिचे परत घातले. स्वप्नालीची निवड झाली. आज ती तिथंच पुढचं शिकते आहे.

म्हणजे मला कळत नव्हतं, असं मला म्हणता येणार नाही.

त्या अकरांमध्ये मागच्या बाकावर एक मुलगी बसायची. यास्मीन नदाफ. आता तिचं सांगायलाच हवं, आणि त्यासाठी चार वर्षं मागं जायला हवं — ती आठवीत होती तिथं.

यास्मीनच्या वडिलांचा स्टँडच्या रस्त्याला गादी कारखाना. कारखाना म्हणजे पत्र्याचं एक दुकान, त्यात कापूस पिंजायचं मशीन, आणि मागं दोन खोल्यांचं घर. आठवीच्या वर्गाला मी निबंधाला विषय दिला होता, 'दुपार'. साठ वह्या आल्या. साठातल्या पन्नास वह्यांत ऊन रणरणत होतं आणि झाडाखाली गाई रवंथ करत होत्या. मग ही वही आली. पहिलं वाक्य होतं — दुपारी माझे अब्बा म्हातारे होतात.

पुढं लिहिलं होतं की जेवण झाल्यावर मशीन सुरू होतं, कापूस उडतो, तो अब्बांच्या मिशीवर बसतो, भुवयांवर बसतो, पापण्यांवर बसतो. बघता बघता ते पिकतात. मला त्यांची भीती वाटते, की हे असेच राहिले तर? मग संध्याकाळी ते मोरीत तोंड धुतात आणि परत माझ्या अम्मीच्या वयाचे होतात.

आठवीतली मुलगी. तेरा वर्षांची.

तुम्ही काय केलं असतं? मी वही घेऊन वर्गात गेले आणि तिला पुढं बोलावलं.

ती हसत आली. ते हसणं मला सांगितलंच पाहिजे. तिला वाटलं होतं, बाई आता वाचून दाखवणार. ओढणी सारखी करत, मैत्रिणींकडे बघत आली. मी विचारलं, "हे कुठून उतरवलंस?"

तिला प्रश्नच कळला नाही. मग कळला.

"मी लिवलंय, बाई."

"काय?"

"मीच लिवलंय."

मी वर्गाकडे वळले. म्हटलं, "ऐकलंत? जिला 'लिहिलंय' म्हणता येत नाही, तिनं हे लिहिलंय म्हणे." वर्ग हसला. त्या वर्गातली निम्मी पोरं घरी 'लिवलंय'च म्हणायची, माझ्यासमोरही म्हणायची, आणि मी त्यांना एकदाही अडवलेलं नव्हतं. पोरं हसत असताना मी ते वाक्य बोलले. अजून कधीही, कुणापाशीही मी ते उच्चारलेलं नाही. लिहिते.

"तुमच्या घरात मराठी बोलतात तरी का गं?"

ते बोलून झाल्यावरही मी थांबले नाही. तिला माझ्या टेबलाशी उभं केलं, कोरा कागद दिला आणि म्हटलं, आत्ता इथं लिहून दाखव, पंधरा मिनिटं, विषय 'माझी शाळा'. तिनं चार ओळी लिहिल्या, त्यातही सहा चुका. मी त्या मोठ्यानं वाचून दाखवल्या आणि म्हटलं, "हे बघा. हे हिचं."

असं का वागले? खूप वर्षं मी स्वतःला सांगत होते की गाइडमधून उतरवणारी मुलं इतकी भेटतात की संशय येणारच. पण कुठल्या गाइडमध्ये 'अब्बा' असतात? तो शब्द माझ्या डोळ्यांसमोर होता. मला वाटलं, 'बाबा' खोडून हिनं तेवढं बदललं असणार. खरं हे आहे, की अशा वाक्यांचं घर माझ्या डोक्यात आधीच ठरलेलं होतं. त्या घरात पुस्तकांचं कपाट होतं, मराठीचे मास्तर असलेले वडील होते, माझ्या माहेरासारखं काहीतरी. ते घर नदाफांचं असेल, असं मला वाटूच शकलं नाही. यापेक्षा वेगळं कारण नाही. मी शोधून पाहिलं आहे.

दिवाळीच्या आधी जुन्या गाद्या पिंजायला द्यायच्या होत्या, म्हणून मी त्या दुकानात गेले. दुपारची वेळ होती. मशीन चालू होतं. मला बघून तिच्या वडिलांनी ते बंद केलं, पुढं आले. भुवया पांढऱ्या, मिशी पांढरी. पापण्यांवर कापूस. डोळे मिचकावले की हलायचा.

"आवं बाई, तुमी कशाला आला, निरोप धाडायचा की," म्हणाले. खुर्ची फडक्यानं पुसून दिली. "आमची यास्मीन लय नाव काढती तुमचं. मागं एकदा रडत आली. इचारलं तर म्हनली, माझा निबंध चुकला, बाई रागावल्या. म्या म्हनलं, आगं रागावल्या त्या तुझ्या भल्यासाठीच की."

तिनं घरी सांगितलेलं नव्हतं. निबंध चुकला, एवढंच सांगितलं होतं.

उभ्या उभ्या माझ्या लक्षात सगळं आलं. मी त्या माणसाच्या पापण्यांकडे बघत होते आणि ते मला सांगत होते, चार दिवसांत गाद्या पाठवून देतो. तेव्हा मी बोलू शकले असते. ते जाऊ दे — दुसऱ्या दिवशी वर्गात, ज्या साठ मुलांसमोर बोलले त्यांच्यासमोर, एक वाक्य पुरलं असतं. यास्मीन, तो निबंध तुझाच होता, चूक माझी झाली. घरून निघताना ठरवलेलंही होतं. वर्गात गेले. ती मान खाली घालून बसली होती. मी विभक्ती शिकवली.

त्यानंतर ती बरी मुलगी झाली — म्हणजे इतरांसारखी. निबंध नीटनेटके, साधे, त्यात दोन-चार चुका. इकार-उकार चुकलेले. मी त्यांना लाल गोल करायचे, दहापैकी सहा द्यायचे. आणि खरं सांगू? ते गोल करताना मला बरं वाटायचं. वाटायचं, बघ, एकदा कधीतरी जमून गेलं असेल तिला, एरवी हे असंच. नववी, दहावी, अकरावी. दर चाचणीला मी माझं समाधान करून घेत होते.

आता त्या शनिवारांकडे येते.

ती मागं बसायची, काही विचारायची नाही. बाकीच्यांचे दोन-दोन मसुदे तपासून झाले तरी तिनं काही दिलेलं नव्हतं. शेवटच्या शनिवारी सगळे गेल्यावर थांबली. चार पानं, हातानं लिहिलेली, कडा सरळ दुमडलेल्या. "बाई, सोमवारी सांगितलं तरी चालेल," म्हणाली आणि गेली.

स्टाफरूम रिकामी होती. मी वाचायला घेतलं.

पहिलं वाक्य असं होतं — आठवीत मला कळलं, की मी चांगलं लिहिलं तर ते माझं नसतं.

पुढं तो तास होता. सगळा. टेबल, कोरा कागद, पंधरा मिनिटं. माझं ते वाक्यही होतं, अक्षर न अक्षर. मग लिहिलं होतं — त्या दिवसापासून मी चुका करायला शिकले. हे वाटतं तितकं सोपं नाही. फार चुका केल्या तर नापास, कमी केल्या तर संशय. पहिल्या परिच्छेदात एक, दुसऱ्यात दोन, असं मी ठरवून घेतलं. चांगलं वाक्य सुचलं की मी ते आधी मनात म्हणते, मग त्याची मोडतोड करते आणि वहीत उतरवते. चार वर्षांत मला कुणी काही विचारलं नाही.

मी तिच्या नववी-दहावीच्या वह्या आठवत होते. ते लाल गोल. एकेक गोल तिनं मला मोजून दिलेला होता.

शेवटचा परिच्छेद मला जवळजवळ पाठ आहे. त्या बाईंचा मला राग येत नाही, असं होतं त्यात. एक वाक्य वाचून अंगावर काटा येतो हे मला त्यांच्याच तासाला पहिल्यांदा कळलं. म्हणून तर मला त्यांना ते वाक्य दाखवायचं होतं. या निबंधात मी एकही चूक केलेली नाही. कुणी विचारलं तर सांगेन, हे मी लिहिलं आहे.

नाव कुठंच नव्हतं. माझं नाही, शाळेचं नाही.

आणि नियम तर मीच घालून दिले होते ना — एकच प्रसंग, खरं, तुमचं स्वतःचं? पस्तीस वर्षांत माझ्या हातात आलेला तो सगळ्यात चांगला निबंध होता. हे मला पहिल्या पानावरच कळलं होतं.

तुम्हाला वाटेल, मी घाबरून, गडबडीत काहीतरी केलं असेल. तसं नाही. माझ्याकडे दोन दिवस होते. शनिवारची दुपार, अख्खा रविवार. मी धुणं धुतलं, भाजी आणली, मुलीशी फोनवर बोलले आणि सारखा विचार करत होते — अर्जाबरोबर शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं. ते मी देणार. खाली माझी सही, हुद्दा, मराठीची शिक्षिका. वाचणाऱ्याला त्या बाई कोण हे समजायला किती वेळ लागेल? तिकडून फोन आला तर? प्राचार्यांनी प्रत वाचायला मागितली तर? तीन वर्षं राहिलीत. मग शाल, श्रीफळ… हो, हेही मनात आलं होतं. कोण कुठलं विद्यापीठ, कोण कुठली दोन माणसं ते वाचणार, त्यांच्यासमोर माझी काय शोभा होईल — याची मला त्या मुलीच्या आयुष्यापेक्षा जास्त काळजी वाटली.

सोमवारी मधल्या सुट्टीत तिला ग्रंथालयात बोलावलं. तिथं कुणी नसतं.

मी म्हणाले, "यास्मीन, लिहिलंस चांगलं. पण अर्जाला हे चालणार नाही."

"का, बाई?"

"तक्रारीचा सूर लागतो गं. त्यांना उमेद असलेली मुलं हवी असतात. तुझी स्वप्नं लिही, पुढं काय करणार ते लिही."

तिनं पानांकडे बघितलं. मग म्हणाली, "तुम्हीच सांगितलं होतं, खरं लिहा."

"हो, पण परक्या लोकांपुढं आपल्याच शाळेबद्दल असं…"

"मी नाव कुठं लिहिलंय, बाई?"

हळू आवाजात म्हणाली. माझ्याकडे सरळ बघत. त्या क्षणी मला कळलं की तिला सगळं माहीत आहे — मी ओळखणार हे माहीत आहे, आणि ठरवूनच ती ते माझ्याकडे घेऊन आली आहे. अर्जासाठी आणलं की माझ्यासाठी? अजूनही मी तेच विचारत असते. मी एवढंच म्हटलं असतं, की हो, ती मीच होते. एवढंच. ती बहुधा तेवढ्याचीच वाट बघत होती.

मी म्हणाले, "नावाचा प्रश्न नाही. मी तुझ्या भल्याचंच सांगते."

'भल्याचं' हा तिच्या वडिलांचा शब्द. माझ्या तोंडून कसा निघाला, कुणास ठाऊक.

ती बरं म्हणाली. मग मी तिला नवीन निबंध सांगितला — अक्षरशः सांगितला, ती लिहून घेत होती. शिक्षणाचं महत्त्व. मुलींचं शिक्षण. आई-वडिलांचे कष्ट. मोठेपणी अधिकारी होऊन समाजाची सेवा. शनिवारी मुलांना जे जे लिहू नका म्हणून सांगितलं होतं ते सगळं मी तिला ओळीनं दिलं. कुठं काय केल्यानं निबंध मरतो हे मला चांगलं माहीत होतं, आणि ते ज्ञान मी तिथं वापरलं. एक ओळही चुकून बरी राहू दिली नाही. मध्ये एकदा ती थांबली. म्हणाली, "अब्बांचं एक वाक्य घालू?" मी म्हटलं, नको, भरकटेल.

ती चार पानं मी माझ्याकडे ठेवून घेतली. म्हटलं, राहू देत, पुढं कधी उपयोगी पडतील. ती गेल्यावर फाडली. आधी उभी, मग आडवी, मग परत उभी. तुकडे दोन टोपल्यांत टाकले, एक ग्रंथालयातली, एक जिन्याखालची. दुसरी प्रत नव्हती. तिनं फोनवर उतरवलेलं नव्हतं, हे मी आधीच सहज म्हणून विचारून घेतलं होतं.

शिफारसपत्र मात्र मन लावून लिहिलं. नम्र, कष्टाळू, गुणी मुलगी. खाली ठळक सही केली.

एप्रिलात कळलं. स्वप्नालीचं झालं, यास्मीनचं नाही. ती मला भेटायला आली, रडलीबिडली नाही. म्हणाली, "बाई, कशात कमी पडलं असेल?"

आणि मी काय म्हणाले असेन? मला वाटतं मी केलेल्या सगळ्यात हे सर्वांत वाईट. आठवीतल्याला अज्ञान म्हणता आलं असतं, ग्रंथालयातल्याला भित्रेपण म्हणता आलं असतं. याला काय म्हणायचं, मला माहीत नाही. मी म्हणाले, "निबंधात जरा जिवंतपणा कमी पडला असेल गं."

तिनं मान हलवली. पटल्यासारखी.

नंतर तिनं गावातूनच बी.कॉम. केलं, मग लग्न होऊन मिरजेला गेली, असं ऐकलं. मी त्यानंतरही दोन वर्षं मुलांकडून निबंध लिहून घेतले. आणखी तिघांची निवड झाली. त्यांचे आई-वडील पेढे घेऊन घरी आले, माझ्या पाया पडले. मी पेढे घेतले.

गेल्या हिवाळ्यात माझ्या नवऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, मिरजेला. दवाखान्यात केसपेपर काढायला काउंटरवर गेले तर समोर यास्मीन. तिनंच आधी ओळखलं. "बाई!" म्हणून उठून बाहेर आली, पायाला हात लावला, खुर्ची आणून दिली. रांगेतल्या लोकांना सांगितलं, या आमच्या मराठीच्या बाई. तब्येत भरली होती, छान दिसत होती. सकाळ-संध्याकाळ येऊन विचारायची, काही हवं का? एकदा घरून डबा आणला. आमचे हे म्हणाले, तुझे विद्यार्थी म्हणजे खरंच…

तिसऱ्या दिवशी दुपारी गर्दी कमी होती. मी तिच्याशेजारी जाऊन बसले. बरंच इकडचं तिकडचं बोललो. मग मी विचारलं — का विचारलं, माहीत नाही — "काही लिहितेस का गं अजून?"

ती हसली. मोकळं, साधं हसू होतं ते.

"छे हो, बाई. ते माझं कामच नव्हतं. तुम्हाला तर आठवीतच कळलं होतं."

मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. टोमणा शोधला. तुम्हाला सांगते, मी मनापासून शोधला, कारण टोमणा असता तर बरं झालं असतं. राग असता, कडवटपणा असता, तर त्याखाली कुठंतरी ती मुलगी असती, जिला माहीत होतं की ते तिनं लिहिलं होतं. टोमणा नव्हता. ती खरंच तसं मानत होती. बाई मराठीच्या, बाईंना कळतं. एकदा वर्गासमोर सांगितलं, एकदा ग्रंथालयात, एकदा एप्रिलात. तीनदा सांगितल्यावर तिनं ऐकलं. आणि आता ते सांगताना तिला वाईटही वाटत नव्हतं.

फोन वाजला, ती उचलायला वळली. मी वॉर्डात परत आले.

चौथ्या दिवशी घरी सोडणार होते. सकाळी तोंड धुताना ठरवलं, आज सांगायचं. वाक्यं जुळवली. कागदपत्रांची पिशवी घेऊन खाली उतरले, जिन्यात दोनदा थांबले. काउंटरवर दुसरीच मुलगी बसली होती. यास्मीनची त्या दिवशी सुट्टी होती. त्या मुलीनं विचारलं, "काही निरोप द्यायचाय का, काकू? नंबर देऊ तिचा?"

मी म्हणाले, "नको. काही विशेष नाही."

ह्यांना धरून गाडीत बसवलं, पाय नीट ठेवला. गाडी सांगलीच्या रस्त्याला लागली. आणि मला काय वाटलं, तेही लिहिते — मला हलकं वाटलं. सुटले, असं वाटलं. मी खिडकीची काच खाली केली. पेठ नाक्याला गाडी थांबवली, तेव्हा मला चांगली भूक लागली होती. मी मिसळ मागवली. वर एक पाव जास्त घेतला.